पाप कुणाच्या माथी?

‘नाही म्हटलं तर पाप लागेल का हो, बाई?’

वाईसारख्या गावात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला हा प्रश्न नवा नाही. विचारणारा बहुतेक वेळा मुलगा असतो, कधी सून. आत कॉटवर ऐंशीच्या पुढचं कुणीतरी असतं आणि मला दारापर्यंत पोचवायला आलेला माणूस चपला शोधता शोधता हळूच विचारतो. रात्री-अपरात्री आईचा श्वास अडकला तर १०८ बोलवायची नाही, साताऱ्याला पळवायचं नाही, छाती दाबायची नाही, घशात नळी घालू द्यायची नाही, असं आम्ही आजच ठरवून ठेवलं तर ते कुणाच्या खात्यावर चढेल?

माझ्या पुण्या-मुंबईच्या डॉक्टर मित्रांना हा प्रश्न मागास वाटतो. त्यांच्या मते विचारायचं ते एवढंच, की रुग्णाची स्वतःची इच्छा काय. कायदाही त्यांच्याच बाजूचा आहे. ९ मार्च २०१८ला ‘कॉमन कॉज’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला, की सन्मानानं मरणं हा अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि शुद्धीत असताना माणूस पुढच्या उपचारांबद्दल लिहून ठेवू शकतो. निकाल मला मान्य आहे. पण आजवर कुठल्याही ओसरीवर मला कुणी ‘माझ्या वडिलांच्या हक्काचं काय’ असं विचारलेलं नाही. विचारतात ते पापाचं. तेव्हा मीही तिथूनच सुरुवात करते. मी शास्त्री नव्हे. पण गाव शास्त्र्यांचं आहे. तर्कतीर्थांची प्राज्ञपाठशाळा इथली, धर्मकोशाचे खंड इथं तयार झाले. ‘शास्त्रात काय लिहिलंय’ हे विचारायला मला फार लांब जावं लागत नाही, आणि विचारलं की उत्तराबरोबर चहाही मिळतो.

पण शास्त्राआधी ती छाती दाबण्याची गोष्ट. लोक ज्याला नकार द्यायला घाबरतात ती चीज नेमकी काय आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

ही पद्धत माझ्याएवढ्याच वयाची आहे. १९६० साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या कोवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी तिच्यावरचा लेख छापला. तिघांतला वडीलधारा कोवेनहोवन डॉक्टर नव्हताच, वीज अभियंता होता. विजेच्या तारांवर काम करणारी माणसं धक्का बसून मरत, त्यांचं हृदय पुन्हा चालू कसं करायचं या खटाटोपातून तो इथवर आला. कुत्र्यांवर प्रयोग चालले असताना निकरबॉकरच्या लक्षात आलं, की विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचे जड पॅडल छातीवर दाबून धरले की वीज सोडायच्या आधीच रक्तदाब थोडा वर चढतो. म्हणजे छाती न फाडता, नुसत्या दोन हातांनी रक्त फिरवता येतं! पहिल्या लेखात वीस रुग्ण होते, त्यातले चौदा वाचले. शोध थोरच. पण ते रुग्ण कोण होते, तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर, भूल चढताना वगैरे एकाएकी हृदय थांबलेली माणसं. शरीर बाकी ठीक, मधेच हृदयानं दगा दिलेला.

माझ्या ओसरीवरची म्हातारी तशी नसते. तिची मूत्रपिंडं दोन वर्षांपासून आवरतं घेत असतात, फुप्फुसात पाणी येतं-जातं, जेवण दोन चमच्यांवर आलेलं असतं. तिचं हृदय सगळ्यात शेवटी थांबतं, आणि बाकी सगळं थांबलं म्हणून थांबतं. ते दाबून पुन्हा चालू केलं तरी मागचं काहीच परत येत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयांत, आत दाखल असताना हृदय थांबलेल्यांपैकीसुद्धा साधारण पाचातला एक घरी जातो; आजारानं पोखरलेल्या थकल्या शरीरांत त्याहूनही कमी. आणि दाबायचं म्हणजे मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. हाडं ठिसूळ झालेल्या बाईच्या फासळ्या मोडतात, आणि त्या मोडल्या की दाबणाऱ्याच्या तळहाताला कळतं. हे ऐकवलं की दारातला मुलगा गप्प होतो. मग म्हणतो, ‘म्हणजे केलं तरी पाप.’

हे मला त्यानं शिकवलं असं म्हटलं तरी चालेल. आपण समजतो, की ‘सगळं करा’ म्हटलं की माणूस सुटला. तसं होत नाही. कर्करोग यकृतात आणि हाडांत पसरलेली एक बाई माझ्याकडे येत असे. तिच्याशी पुढचं काही तिच्या घरच्यांनी मला बोलू दिलं नाही. ‘तिला कळलं तर ती हाय खाईल.’ एका पहाटे ती कोसळली, गाडी आली, मोठ्या गावातल्या रुग्णालयात नेलं. परदेशातला मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, सगळं करा. त्यांनी सगळं केलं. हृदय चालू झालं, बाई शुद्धीवर आली नाही, आणि कितीतरी दिवसांनी यंत्रावरच गेली. मुलगा वर्षश्राद्धाला आला तेव्हा दवाखान्यात आला आणि त्यानं तोच प्रश्न उलटा करून विचारला : ‘मी तिचे हाल केले का?’ माझ्याकडे उत्तर होतं, पण त्याच्या कामाचं नव्हतं. काळजीनं बोलला होता बिचारा. तिला काय हवं होतं हे त्याला माहीतच नव्हतं, आणि ते कळण्याची वाट घरच्यांनी मिळून आधीच बंद केलेली.

या बंद करण्यालाही शास्त्राधार आहे, हे मला नंतर कळलं. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात मरण जवळ आल्याची लक्षणं पानंच्या पानं सांगितली आहेत, आणि शेवटी वैद्याला बजावलंय, की ही लक्षणं दिसली तरी विचारल्याशिवाय बोलू नये, आणि विचारलं तरी ऐकणाऱ्याला धक्का बसणार असेल तर बोलू नये. शेजारच्या शास्त्रीबुवांनी हे मला मोठ्या समाधानानं दाखवलं. मी म्हटलं, चरकाच्या काळी वैद्य गप्प बसला तर माणूस घरात, आपल्या माणसांत, आपल्या गतीनं जात असे. आज मी गप्प बसले तर तो कुठे जातो ते बघा. गप्प बसण्याचा परिणाम बदलला, तर गप्प बसण्याचा धर्मही बदलायला हवा की नको? बुवा म्हणाले, विचार करून सांगतो. अजून करताहेत.

मात्र त्यांनी दुसरी एक गोष्ट दाखवली ती मला फार उपयोगी पडली. असाध्य रोगानं किंवा म्हातारपणानं पार थकलेल्या माणसानं कड्यावरून उडी घेऊन, अग्नीत किंवा पाण्यात शिरून देह ठेवावा, याला आपल्या काही जुन्या ग्रंथांत मुभा होती. पुढच्या निबंधकारांनी तीच गोष्ट उचलून कलिवर्ज्यांत, म्हणजे या युगात करू नये अशा गोष्टींच्या यादीत टाकली. पां. वा. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात याची चर्चा आहे. म्हणजे ‘आपल्या धर्मात असं नाही’ म्हणणारा अर्धाच खरा, आणि ‘आपल्या धर्मात हे पूर्वीपासून आहे’ म्हणणाराही अर्धाच. धर्माला हा प्रश्न पडला होता, त्यानं एकदा हो म्हटलं, मग नाही म्हटलं.

आणि सामान्य माणसांच्या तोंडी जी उदाहरणं येतात ती तर सगळी थोरांची. ज्ञानेश्वरांनी शके १२१८च्या कार्तिकात आळंदीला समाधी घेतली. जैन आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडत जाण्याचं व्रत, घेऊन देह ठेवला. सावरकर फेब्रुवारी १९६६मध्ये अन्नपाणी, औषध सोडून गेले. विनोबा नोव्हेंबर १९८२मध्ये पवनारला तसेच. २०१५च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं संथारा, म्हणजे सल्लेखनाच, बेकायदा ठरवला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली, तेव्हाही वाद झाला तो व्रत की आत्महत्या असाच. या सगळ्या मरणांत एक गोष्ट समान आहे : जाणारा माणूस पूर्ण जागा आहे, स्वतःचा धनी आहे, निग्रहानं एकेक पाऊल टाकतो आहे. मला त्या मरणांचा आदर आहे. पण माझ्या पेशंटांना त्यांचा काडीचा उपयोग नाही. मास्तर, मोलकरीण, हळद पिकवणारा शेतकरी हे असे जात नाहीत. ते अर्धवट गुंगीत, दुसऱ्याच्या हातानं कूस बदलत, सुनेला ओशाळत जातात. त्यांना मरण ओढवून घ्यायचं नसतं. येतंय त्याला दारात अडवून कुस्ती खेळू नका, एवढंच त्यांचं म्हणणं असतं. त्यासाठी निग्रह वगैरे लागत नाही. पण ते त्या वेळी त्यांना बोलता येणार नसतं; दुसऱ्या कुणाला तरी बोलावं लागतं, आणि पाप तिथं शिरतं.

हा फरक मला सर्वांत स्वच्छ सांगितला तो पाचगणीच्या एका म्हाताऱ्या सिस्टरनं. दम्यानं जर्जर होती. मी भीत भीत विषय काढला तर ती म्हणाली, ‘डॉक्टर, आमच्याकडे हा प्रश्न पोपनं कधीच सोडवलाय.’ खरंच सोडवलाय. २४ नोव्हेंबर १९५७ला बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे भाषण केलं. नव्यानं आलेली श्वासाची यंत्रं लावलीच पाहिजेत का, हा डॉक्टरांचा सवाल होता. त्यांनी सांगितलं, की जीव राखायला माणूस बांधलेला आहे, पण साधारण उपायांनी. स्वतःवर किंवा इतरांवर भारी ओझं टाकणाऱ्या असाधारण उपायांना तो बांधलेला नाही. सिस्टर हे सांगून पुन्हा जपमाळेकडे वळली. मला तिचा हेवा वाटला. आमच्याकडे असा एक माणूस नाही, की ज्यानं एकदा सांगितलं की घर निश्चिंत. आमच्याकडे भाऊबंद असतात.

भाऊबंदांवरून गुरुजींची आठवण येते. प्राथमिक शाळेत आयुष्य गेलं, माळकरी, पंढरीची वारी पाय चालत होते तोवर चुकली नाही. हृदय वाढलेलं, पंपिंग पंचवीस टक्क्यांवर आलेलं. दर दोन-तीन महिन्यांनी पाय सुजून, धाप लागून साताऱ्याला दाखल व्हायचे, इंजेक्शनांनी पाणी उतरलं की परत. एकदा परत आल्यावर मी म्हटलं, गुरुजी, पुढच्या वेळचं थोडं बोलायला हवं.

‘पुढचं काय बोलायचं? पांडुरंग नेईल तेव्हा जायचं.’

‘तेच विचारते. तो न्यायला आला की नेऊ द्यायचं, का आम्ही आडवं पडायचं?’

ते हसले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मी छाती दाबण्याचं, नळीचं, यंत्राचं सगळं सांगितलं. यातलं काय केल्यानं फरक पडतो आणि कशानं पडणार नाही तेही. काकू चहाचे कप तसेच हातात धरून उंबऱ्यात उभ्या होत्या. शेवटी गुरुजी म्हणाले, ‘पोराच्या डोक्यावर नको. मी सांगतो, त्यानं पाळायचं. रामानं बापाचा शब्द पाळला, त्याला कुणी पापी म्हटलं का?’

त्यावर काकू उंबऱ्यातूनच म्हणाल्या, ‘आणि बोल कुणाला लागला? कैकेयीला. मला नको असला शब्द.’

या विषयावर मी बरंच वाचलंय, परिसंवादांना गेलेय; पण उंबऱ्यातल्या त्या एका वाक्यात होतं ते मला कुठे मिळालं नाही. कायदा काय बघतो? सही करणारा शुद्धीत होता ना, दोन साक्षीदार होते ना. तो रुग्णाचा आणि डॉक्टरचा हिशोब मिटवतो. पण घरात माणूस मरतो तेव्हा हिशोब मागणारे वेगळेच असतात. नवऱ्यानं लिहून दिलं हे खरं, पण लिहून घेतलं कुणी? म्हाताऱ्याचं करायचा कंटाळा आला असेल! हे बायकोला ऐकावं लागतं, सुनेला ऐकावं लागतं. आणि आयुष्यभर केलं तिनंच असतं. पाप चित्रगुप्त लिहीत असेल नसेल, भाऊबंद नक्की लिहितात. त्यामुळे कर्तेपण स्वतःकडे घ्यायचं असेल तर ते कागदावर घेऊन भागत नाही. जे उद्या बोल लावणार त्यांच्या कानावर, आपल्या तोंडानं, आज घालावं लागतं.

गुरुजींना हे चटकन समजलं. वर्ग घेण्याची सवय होतीच. एका रविवारी दोन भाऊ, बहीण, पुतणे, पुण्याचा मुलगा-सून असे सगळे सोप्यात बसवले आणि कागद वाचून दाखवला. इंजेक्शनं, ऑक्सिजन, गोळ्या हव्यात. त्यासाठी साताऱ्याला न्यायलाही हरकत नाही. छाती दाबू नये, नळी घालू नये, यंत्रावर ठेवू नये. धाप असह्य झाली तर गुंगीचं औषध द्यावं, त्यानं दोन दिवस आधी गेलो तरी चालेल. शेवट आला असं दिसलं तर जमिनीवर घ्यावं आणि हरिपाठ म्हणावा. आणि एक वाक्य त्यांनी स्वतः घातलं होतं : हे माझं मत आहे, ते माझ्या पत्नीनं मला सुचवलेलं नाही, उलट तिनं विरोध केला. धाकटा भाऊ तावातावानं बोलला, जीव आहे तोवर प्रयत्न करायचा असतो, वगैरे. गुरुजींनी त्याला बोलू दिलं. मग म्हणाले, ‘तुझं तू लिही.’

ते जमिनीवर घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे जीव जाताना माणसाला खाटेवरून उतरवून सारवलेल्या भुईवर ठेवायची, तोंडात गंगाजल आणि तुळशीचं पान द्यायची रीत आहे. अतिदक्षता विभागात ती शक्यच नाही. पलंगाला कठडे, नाकातोंडात नळ्या, आत एका वेळी एकच नातेवाईक. ज्या धर्माच्या नावानं मुलं ‘सगळं करा’ म्हणतात, त्याच धर्मानं मरणाऱ्यासाठी सांगितलेलं एकही काम तिथं करता येत नाही. हे मी जेव्हा मुलांना सांगते तेव्हा ती विचारात पडतात. फासळ्यांच्या हिशोबापेक्षा हे जास्त पोचतं.

गुरुजी पुढच्या चैत्रात गेले. मुलानं १०८ऐवजी मला फोन केला. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर कावळा लवकर शिवेना, तेव्हा कुणीतरी पुटपुटलंच, ‘दवाखान्यात न्यायला हवं होतं.’ त्यावर धाकटा भाऊच खेकसला, ‘त्यांनी माझ्यासमोर सांगितलंय.’ मग बहिणीनं गुरुजींच्या नावानं वारी करायचं कबूल केलं आणि कावळा आला. कावळ्याचं मी काही सांगू शकत नाही.

कायद्याच्या वाटेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लोक विचारतात. २०१८च्या निकालानुसार कागदावर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत असे, म्हणून तो कुणी करेना. २४ जानेवारी २०२३ला न्यायालयानं ते सोपं केलं : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. कागदात आपल्या वतीनं बोलणाऱ्या एकाहून अधिक माणसांची नावं घालता येतात. एक प्रत घरच्या डॉक्टरकडे, एक स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. प्रत्यक्ष उपचार थांबवायची वेळ आली की रुग्णालयानं तिघांचं एक वैद्यकीय मंडळ बसवायचं, मग बाहेरचा डॉक्टर घेऊन दुसरं, प्रत्येकानं शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं, आणि अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. यंत्रावर ठेवलेल्या माणसासाठी हे ठीक आहे. पण पहाटे तीनला घरात श्वास थांबलेल्यासाठी दोन मंडळं कुठली? तिथं कपाटातला कागद सापडतो का आणि फोन कुणाला लागतो, यावर सगळं ठरतं. एका कचेरीत प्रत द्यायला गेलेल्या माझ्या पेशंटाला कारकुनानं विचारलं, हे कुठल्या रजिस्टरला चढवू? त्याचंही चूक नव्हतं. जन्म आणि मृत्यू यांची रजिस्टरं असतात, मधल्याचं नसतं. माझी भाची लेस्टरला वृद्धांच्या वॉर्डात नर्स आहे. तिकडे एक जांभळा फॉर्म असतो, ‘रिस्पेक्ट’ नावाचा. तो रुग्णाजवळ, घरातच राहतो. त्यात आधी तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं हे विचारतात आणि मग आणीबाणीत काय करावं, काय करू नये ते डॉक्टर रुग्णाशी बोलून लिहितो. कायद्यानं तो बंधनकारक नाही, पण अ‍ॅम्ब्युलन्सवाला आला की तोच हातात देतात. आपल्याकडे २०२०मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं हृदय थांबल्यावर पुनरुज्जीवन न करण्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात नीट म्हटलंय, की नकार फक्त त्या एका गोष्टीला आहे, बाकीचे उपचार चालूच ठेवायचे. हे वाक्य मी लोकांना पुन्हा पुन्हा सांगते, कारण त्यांना वाटतं सही केली की डॉक्टर यायचाच बंद होईल.

आता जिथं माझं मला नीट उमगत नाही तिकडे येते. एक विधवा बाई, शेतमजूर, मधुमेहानं मूत्रपिंडं गेलेली. कुणाकडून तरी ऐकून आली : ‘बाई, तो नको म्हणायचा कागद करायचाय.’ का, विचारलं. ‘पोरावर कर्ज नको.’ वय पंचावन्न. डायलिसिसवर ती बरीच वर्षं जगली असती. हिची इच्छा म्हणजे इच्छा मानायची? पोप ज्याला इतरांवरचं भारी ओझं म्हणाले त्यात हे बसतं की काय? सिस्टरचं स्वच्छ उत्तर इथं मला गढूळ वाटायला लागतं. गुरुजींनी पोराच्या डोक्यावरून जे उतरवलं ते पाप होतं, ही बाई उतरवू पाहत होती ते सावकाराचं देणं. आणि खरं सांगायचं तर गावाकडे ‘वडिलांना त्रास नको’ म्हणून घरी नेणाऱ्या कितीतरी घरांत खरं कारण बिल असतं. ते कुणी बोलत नाही, आणि वेदान्त मात्र सगळे बोलतात. देह नश्वर आहे हे तत्त्वज्ञान फार लवकर सुचतं, खिशात पैसे नसले की. मी तिचा कागद केला नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, आधी ती कागदपत्रं करू म्हटलं, रेशनकार्ड घेऊन ये. ती चिडली. तुम्ही गुरुजींचं ऐकलंत, माझं का नाही, असं तिनं तोंडावर विचारलं. रास्त होतं. आता ती आठवड्यातून दोनदा साताऱ्याला एसटीनं जाते. परवा म्हणाली, नातवाचं लग्न होईपर्यंत सगळं करा, छातीसुद्धा दाबा, त्यानंतरचं बघू. हेही आगाऊ ठरवणंच झालं, आणि मी ते तिच्या केसपेपरवर तसंच्या तसं लिहून घेतलं.

माझा स्वतःचा कागद? केलाय. न्यूमोनिया झाला, बरं होण्यासारखा असला, तर चार-पाच दिवस यंत्र चालेल. पक्षाघातानं बोलणं गेलं तर नाकातून नळीनं अन्न नको. हृदय थांबलं तर थांबू द्यावं. यावर मुलगी काही बोलली नाही. ती भूलतज्ज्ञ आहे, तिनं पुष्कळ पाहिलंय. ती अडली एका कलमावर. मी लिहिलं होतं, की मला माणसं ओळखेनाशी झाली तर पुढे कुठल्याही संसर्गाला अँटिबायोटिकसुद्धा देऊ नये.

‘समज, तू मला ओळखत नाहीस,’ ती म्हणाली, ‘पण शिरा खाऊन हसतेस, अंगणात बसायला मागतेस. तेव्हाच्या त्या बाईला मी औषध का द्यायचं नाही? तिनं कुठे नाही म्हटलंय? तू म्हटलंयस. तू कोण तिची?’

मी म्हटलं, मीच ती. ती म्हणाली, हे तू सिद्ध करून दाखव. तुम्ही वाईकर आत्मा एकच आहे म्हणून मोकळे होता, पण शिरा खाणारी दुसरीच असली तर? सबंध दिवाळी आम्ही यावर भांडलो. जावई मधेच म्हणाला, की कागद करणारा माणूस जे टाळायला बघतो ते बहुधा दुःख नसतं, लाज असते. त्यावर आम्ही दोघींनी मिळून त्याला गप्प केलं, पण ते मला लागलं. मला खरंच भीती कशाची आहे? हाल होण्याची, की सुनेसमोर नागवं व्हायची? गुरुजींनी ते ओझंही घरच्यांवर टाकलंच होतं, न ओशाळता, काकूंनी उचललंही.

शेवटी नोटरीकडे जायच्या आदल्या रात्री मुलीनं ते कलम स्वतःच्या अक्षरात बदललं आणि मी सही केली : माणसं ओळखत नसेन तर सुई टोचून औषध देऊ नये, रुग्णालयात नेऊ नये, गोळी मात्र शिऱ्यातून द्यावी, आणि मी थुंकून टाकली तर दुसऱ्यांदा देऊ नये.